अध्यक्ष महोदय, जरा ह्यांना विचारा

दुपारी सव्वादोनला मला झोप लागते. नोकरीत होतो तेव्हाही लागायची, फक्त बसून. कॅनडात ओटावाला मुलीकडे आल्यापासून मात्र ती उडाली आहे, कारण सोमवार ते गुरुवार नेमक्या सव्वादोनला इथल्या संसदेत, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्नोत्तरं सुरू होतात आणि ती टीव्हीवर दिसतात. बाहेर उणे वीस, मुलगी दार लावून मीटिंगमध्ये, ही समोर कोथिंबीर निवडत बसलेली. माणसाने करायचं काय?

आपल्याकडे लोकसभेत प्रश्न विचारायचा तर आधी पंधरा दिवसांची सूचना. मग तो तारांकित, अतारांकित, मग मंत्री फाइल घेऊन येणार. इथे तसलं काही नाही. विरोधी सदस्य उठतो आणि विचारतो. विचारायला 35 सेकंद, उत्तराला 35 सेकंद. एवढ्यात आमच्याकडे पानाला चुना लागून होत नाही. पाऊण तासात किराण्याचे भाव, घरभाडी, मासेमारी, पासपोर्ट, फौजा, सगळं होऊन जातं. मधेच कुणी फ्रेंचमध्ये शिरलं की दुभाष्याचा आवाज येतो. दाढीवाला क्विबेकी गृहस्थ तावातावाने हात उडवतोय आणि आवाज मात्र एका शांत बाईचा, हे बघायला मला फार आवडतं.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की उत्तर कुणी देत नाही. ‘याला प्रश्नांचा तास म्हणतात, उत्तरांचा नव्हे’ हा इथला जुनाच विनोद आहे. 2014 च्या सप्टेंबरात विरोधी पक्षनेते टॉम मल्केअर यांनी विचारलं की इराकमध्ये पाठवलेले आपले सैनिक परत कधी येणार. उत्तराला उठले पंतप्रधानांचे संसदीय सचिव पॉल कलँड्रा, आणि बोलले इस्रायलवर. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा इस्रायल. मल्केअर वैतागून अध्यक्षांच्या निःपक्षपातीपणावरच घसरले, तर अध्यक्षांनी त्यांचे उरलेले प्रश्नच काढून घेतले. कारण उत्तर कसं आहे, प्रश्नाला धरून आहे की नाही, हे बघणं इथे अध्यक्षांचं काम नाही. शांतता राखायची, पाळी द्यायची, संपलं. त्याच आठवड्यात कलँड्रांनी सभागृहात रडत माफी मागितली, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक नियम. सभागृहात सदस्याचं नाव घ्यायचं नाही. अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सदस्य म्हणायचं, मंत्री असेल तर खात्याचं नाव. आणि बोलायचं ते सगळं अध्यक्षांना. समोर बसलेल्या माणसाला थेट ‘तुम्ही’ म्हणायची सोय नाही.

हे मी हिला सांगत होतो. काड्या बाजूला करत ती म्हणाली, “म्हणजे तुमच्या आईंसारखंच की.”

आता एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

आमच्या मिरजेच्या घरात आई दादांचं नाव कधी घ्यायची नाही. उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. एरवी ‘हे’. आणि भांडण असलं की ‘हे’सुद्धा नाही, सगळं माझ्यामार्फत. दादा झोपाळ्यावर, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, मधे फरशीवर मी पाढे लिहीत.

“विचार तुझ्या वडलांना, विजेचं बिल भरलं का.”

तिघांत मिळून अंतर आठ फूट. तरी मी मान वर करून विचारायचो, “दादा, विजेचं बिल भरलं का?”

“सांग तुझ्या आईला, तिकडे कोयनेला भूकंप होऊन लोक उघड्यावर पडलेत आणि हिला बिलाचं सुचतंय.”

भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. पहाटे आमचीही भांडी फळीवरून खाली आली होती, तेव्हा दादांचं म्हणणं तसं निराधार नव्हतं. पण पुढे जवळजवळ दोन वर्षं रॉकेल, शाळेची फी, आत्याच्या लग्नाला दिलेले उसने पैसे, कशालाही उत्तर म्हणून कोयना यायची. त्यानंतर माणूस चंद्रावर उतरला आणि कोयनेची सुटका झाली.

मी सात-आठ वर्षांचा अध्यक्ष. मला कुणी निवडून दिलेलं नव्हतं आणि राजीनामाही देता येत नव्हता. एकदा मी म्हणालो होतो, “दादा, पण बिल भरलं का?” ह्यावर जे मिळालं त्यानंतर मीसुद्धा उत्तराच्या दर्जाबद्दल मत देणं बंद केलं.

हिवाळ्यात इथे चारलाच अंधारून येतं. साडेसहाला कॉमन्समध्ये आणखी एक कार्यक्रम असतो, त्याला सगळे ‘लेट शो’ म्हणतात. दुपारच्या उत्तराने ज्याचं समाधान झालं नाही त्याने नोटीस द्यायची आणि संध्याकाळी यायचं. आता चार मिनिटं मिळतात. समोरचाही चार मिनिटं बोलतो, मग दोघांना एकेक मिनिट. मंत्री सहसा येत नाहीत, संसदीय सचिव येऊन कागद वाचतात. बाकं रिकामी, टाळ्या नाहीत, बातमी होण्याची शक्यता नाही. एलिझाबेथ मे 2011 साली निवडून आल्या तेव्हा ग्रीन पक्षाच्या त्या एकट्याच खासदार. बारा सदस्य असल्याशिवाय इथे पक्षाला सभागृहात मान्यता नाही, त्यामुळे दुपारच्या प्रश्नांतला वाटा अगदी प्रसादापुरता. असल्यांना ही संध्याकाळची वेळ मोलाची. मला हा लेट शो दुपारपेक्षा बरा वाटतो. कुणी ओरडत नाही म्हणूनही असेल. ही म्हणते, तेव्हा मला झोप लागते म्हणून.

आणि विचारत राहण्यातला महामेरू म्हणजे स्टॅन्ली नोल्स. विनिपेगचा माणूस, आधी छापखान्यात खिळे जुळवणारा, मग पाद्री, 1942 साली पोटनिवडणुकीत निवडून आला. ज्यांच्या जागी आला ते जे. एस. वुड्सवर्थ. त्यांनी 1926 साली काठावरच्या सरकारला पाठिंबा हवा तर वृद्धांना पेन्शन द्या म्हणून पंतप्रधान मॅकेन्झी किंगना गाठलं होतं, त्यातून पुढच्या वर्षी कायदा झाला: सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला महिना जास्तीत जास्त 20 डॉलर. नोल्सनी तोच धागा धरला. पेन्शन वाढवा, वय खाली आणा, अर्जदाराच्या घरात डोकावणं थांबवा. 1952 पासून सत्तरीच्या सगळ्यांनाच 40 डॉलर मिळू लागले, कुणाची ऐपत न बघता. 1957 साली अर्थमंत्री हॅरिस यांनी त्यात सहाच डॉलर घातले, तर लोकांनी त्यांचं नावच ‘सिक्स बक हॅरिस’, म्हणजे सहा डॉलरवाला हॅरिस, पाडलं आणि त्या निवडणुकीत सरकार गेलं. नव्या पंतप्रधानांनी नोल्सना अध्यक्षपद देऊ केलं. त्यांनी नाकारलं. बरोबरच आहे. अध्यक्षाला प्रश्न विचारता येत नाही, हे मला मिरजेतच कळलं होतं.

मधली चार वर्षं सोडली तर ते 1984 पर्यंत होते. दरम्यान पेन्शनचं वय सत्तरावरून पासष्टावर आलं. निवृत्त झाले तेव्हा सभागृहातच, मधल्या टेबलाशी, त्यांना तहहयात बसायची जागा दिली गेली. आता प्रश्न विचारायचे नाहीत, नुसतं बसायचं. मला ते चित्र जरा अवघडच वाटतं.

आमच्या घरीही लेट शो असायचा. दिवा गेल्यावर, आम्ही मुलं झोपलो असं समजून. तेव्हा मधे अध्यक्ष नसायचा. आई दादांशी थेट बोलायची, हळू, आणि कोयना नाही, चंद्र नाही, एकच प्रश्न. माझ्या माहेरच्या पाटल्या मोडून ह्या घराची वरची खोली बांधली, तर उताऱ्यावर माझं नाव कधी लावणार? दादा म्हणायचे, लावू. दर वर्षी घरपट्टीची पावती आली की त्या आठवड्यात हा प्रश्न यायचा. मी चौथीत असताना ऐकलाय, मॅट्रिकला ऐकलाय, नोकरी लागून सुट्टीवर आलो तेव्हा माजघरात पडल्या पडल्या ऐकलाय. आवाज कधी चढला नाही. “लावू गं.” मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

दादा गेल्यावर सिटी सर्व्हेच्या कचेरीत मी गेलो तेव्हा आईचं नाव लागलं. वारस म्हणून. आई, मी, दोन बहिणी, चार नावं एकाखाली एक. मी उतारा आणून दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि घडी घालून परत दिला.

हे सगळं मी बोलून गेलो असणार, कारण टीव्हीचा आवाज कधी बंद झाला ते कळलंच नाही. मुलीची मीटिंग संपली होती, ती कपाटाशी चहा शोधत उभी होती. कोथिंबिरीची जुडी संपली होती.

“विचार गं तुझ्या बाबांना,” ही म्हणाली, माझ्याकडे न बघता. “कोथरूडच्या फ्लॅटच्या कागदांवर कुणाकुणाची नावं आहेत?”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

मी खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा पडायला लागला होता. यंदा बर्फ जरा जास्तच आहे म्हणतात.