व्हेनिसमध्ये मुक्कामाच्या घरापर्यंत पोहोचताना

मे २०२५ मधील एका शनिवारी आई आणि मी मिलानहून रेल्वेने व्हेनिसला गेलो. त्या वर्षी एप्रिल ते जुलैमधील ५४ ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क होते. किमान चार दिवस आधी भरल्यास ५ युरो, अन्यथा १०. आम्ही शहरातच राहणार असल्याने ते आम्हाला माफ होते, परंतु ही माफी आपोआप मिळत नाही, त्यासाठी संकेतस्थळावर नोंदणी करून क्यूआर कोड घ्यावा लागतो, हे मला आदल्या रात्री समजले आणि झोपण्यापूर्वी दोघींची नोंदणी करावी लागली.

सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की समोर थेट पाणीच. आईने विचारले, "अगं, इथे रिक्षासुद्धा नाही का?" वापोरेत्तो, म्हणजे तिथली सार्वजनिक बोट, हीच रिक्षा आणि हीच बस. एका फेरीचे, ७५ मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोंचे असल्याने आम्ही ४५ युरोंचा तीन दिवसांचा पास घेतला. तो खिशात असून भागत नाही. प्रत्येक वेळी बोटीत चढण्याआधी थांब्यावरील यंत्राला लावावा लागतो.

खरी फजिती पत्त्याने केली. शहराचे सहा भाग आहेत आणि घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून संपूर्ण भागाचे सलग असतात. मी मात्र फोनमध्ये नुसते गल्लीचे नाव टाकले, 'काले देल फोर्नो', म्हणजे भट्टीची गल्ली. पूर्वी जिथे पावाची भट्टी असे तिथे हे नाव पडले, त्यामुळे या नावाच्या गल्ल्या शहरात अनेक आहेत. आम्हाला हवी होती कास्तेल्लो भागातली, आणि पोहोचलो भलत्याच भागात. व्हेनिसच्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. चाकांच्या बॅगा तिथे ओझेच ठरतात. तिसऱ्या पुलावर आईच्या बॅगेचे एक चाक निखळून कालव्यात पडले. शेवटी एका दुकानदाराने क्रमांक वाचून, हाताने दिशा दाखवून, आम्हाला परत बोटीकडे पाठवले.

निघण्याच्या दिवशी मी नकाशावर अंतर पाहिलेच नाही, पूल मोजले. आर्सेनालेच्या थांब्यापर्यंत एकच लागत होता.