जुन्या चित्रांसाठी आणि हस्तलिखितांसाठी फंडिंग शोधताना: माझा अनुभव

मी एका छोट्या संग्रहालयाचं काम बघते. कॅनव्हासवरची जुनी तैलचित्रं आणि कपाटं भरून हस्तलिखितं, सगळ्यालाच संवर्धनाची गरज, आणि पैसे उभे करायचे माझ्याकडे. आता बरेच जण विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, 'कलेच्या संवर्धनासाठी निधी' असं सरसकट शोधत बसलात तर डोकं फिरेल, कारण प्रत्येक देणाऱ्याचा विषय फार अरुंद असतो. इमारतींना पैसे देणारा चित्रांना देत नाही आणि डिजिटायझेशनला देणारा कागदाच्या दुरुस्तीचा पूर्ण खर्च उचलत नाही. उदाहरणार्थ ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम, २००४ पासून चालू आहे, पैसा आर्केडिया या दानशूर निधीचा. त्यात धोक्यात असलेल्या जुन्या कागदपत्रांचे फोटो काढून डिजिटल प्रती करायला पैसे मिळतात, मूळ कागद त्यांच्याच देशात राहतात आणि प्रती सगळ्यांना फुकट बघता येतात. अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशनचं कीपिंग इट मॉडर्न २०१४ ते २०२० चाललं ते फक्त विसाव्या शतकातल्या इमारतींसाठी, आणि २०१८ चं कॉन्झर्व्हिंग कॅनव्हास कॅनव्हासवरच्या चित्रांसाठी, पण त्यातही मुख्य भर कॉन्झर्वेटर लोकांनी (म्हणजे जुन्या कलावस्तू दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञांनी) एकत्र काम करून शिकण्यावर. जिनिव्हातली अलिफ ही २०१७ ची संस्था, तिचा जन्मच युद्ध आणि संघर्षात सापडलेल्या वारशासाठी झाला. युनेस्कोच्या जागतिक वारसा निधीचा अर्ज तर सरकारमार्फतच जातो, तुम्ही आम्ही थेट करूच शकत नाही. आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत नाव आलं म्हणजे चेक आला असं नाही, लक्ष वेधलं जातं, आणि त्या जोरावर पुढे पैसे मिळवावे लागतात. हे सगळं आधी समजून घेतलं की निम्मे अर्ज लिहायचे वाचतात. नियम आणि डेडलाइन मात्र दर वर्षी बदलतात, एखादी योजना बंदही होते, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून राहू नका.

मला खरा रस्ता सापडला तो कंडिशन रिपोर्टमुळे. म्हणजे प्रत्येक वस्तूची आज काय अवस्था आहे, काय बिघडलंय, कशामुळे, आणि हात लावला नाही तर पुढे काय होईल हे कॉन्झर्वेटरने लिहून दिलेलं. आमच्या कॉन्झर्वेटर बाईंनी एका चित्रावर बाजूने आडवा प्रकाश टाकला आणि समोरून अगदी ठीकठाक दिसणाऱ्या आकाशात रंगाचे पापुद्रे उचललेले दिसले, बारीक बारीक, कडा वर आलेल्या, खाली नुसता कॅनव्हास धरून राहिलेला. हस्तलिखितांचं तर त्याहून वाईट. लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते, ती कागद हळूहळू खाते, काही पानांवर अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोकं पडली होती. हे दोन फोटो आम्ही प्रपोजलच्या पहिल्या पानावर लावले. आधी आम्ही संग्रहाचा इतिहास, थोरवी वगैरे लिहायचो, त्यावर कोणी प्रश्न विचारायचं नाही, आता लगेच विचारायला लागले की हे किती पानांना झालंय, आधी कुठली घेणार, कोण करणार. आणि समोरचा प्रश्न विचारायला लागला की समजायचं तो अर्ज नीट वाचतोय.

म्हणून माझं ठाम मत आहे की पहिले पैसे दुरुस्तीसाठी मागूच नयेत, सर्व्हेसाठी, म्हणजे असा रिपोर्ट करून घ्यायला मागावेत. रक्कम छोटी असते, स्थानिक देणगीदारही देऊ शकतो, आणि त्या रिपोर्टवर पुढचे सगळे अर्ज उभे राहतात.

मग आम्ही काम तोडलं. सगळ्याला पैसे देणारा एकच मोठा दाता शोधत बसायचं सोडून डिजिटायझेशन एकाकडे, चित्रांची ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, ट्रेनिंग तिसऱ्याकडे असं मागितलं. बँक ऑफ अमेरिकेचा आर्ट कॉन्झर्वेशन प्रोजेक्ट २०१० पासून संग्रहालयांना ठरावीक कलाकृतींसाठी पैसे देतो, त्यांनी आधी कुणाला आणि कशासाठी दिले ते वाचूनच मला कळलं की अर्जात 'आमचा संग्रह' न म्हणता 'हे चित्र' म्हणायचं असतं. सामान्य लोकांचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेने २०१५ मध्ये नील आर्मस्ट्राँगच्या स्पेससूटसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर पाच लाख डॉलर मागितले आणि सात लाखांच्या वर जमले, कारण लोकांना नेमकी एक वस्तू दिसत होती. आम्ही एकेक पान दत्तक द्यायला सुरुवात केली, ज्याने पैसे दिले त्याला त्या पानाचे आधीचे आणि नंतरचे फोटो पाठवतो, बस.

कशासाठी पैसे मिळणं सगळ्यात अवघड, सांगू? कपाटं, आम्लरहित खोके, तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे डेटा लॉगर, असल्या गोष्टींसाठी. फोटोत छान दिसत नाहीत ना. पण वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०११ च्या सर्व्हेनुसार जगातले साधारण ६० टक्के साठवणीतले संग्रह धोक्यात आहेत, आणि दुरुस्त केलेलं चित्र परत त्याच दमट खोलीत ठेवायचं असेल तर दुरुस्ती करून उपयोग काय! आम्ही हा खर्च वेगळा मागितलाच नाही, प्रत्येक ट्रीटमेंटच्या बजेटमध्ये 'वस्तू परत आल्यावर ठेवण्याची सोय' म्हणून घातला, आणि बहुतेकांनी मान्य केला.

बजेटबद्दल अजून थोडं. पॅकिंग, वाहतूक, विमा, ट्रीटमेंटच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि अचानक निघणारा खर्च हे सगळं आधीच धरा, चित्राची मागची बाजू उघडल्यावर काय निघेल ते कॉन्झर्वेटरलाही आधी सांगता येत नाही. तुमच्या लोकांचे तास आणि जागा यांची किंमतही लिहा, काही संस्था तो तुमचा वाटा म्हणून धरतात. पैसे हप्त्यांनी येतात, शेवटचा हप्ता रिपोर्ट दिल्यावरच, तोवर बिलं कशी भागवायची ते आधी ठरवून ठेवा. मालकीचा कागद तयार हवा, त्यावाचून अर्ज उघडतही नाहीत. आणि अर्ज करण्याआधी तिथल्या माणसाला एक छोटा ईमेल टाका की आमचं काम तुमच्या निकषात बसतं का, बहुतेक जण उत्तर देतात.

एका देणगीदाराला चित्रं अगदी नवीकोरी, चकचकीत दिसायला हवी होती. आम्ही नाही म्हटलं. जे कराल ते पुढे काढता आलं पाहिजे आणि मूळ चित्रकाराच्या रंगावर आपला रंग चढवायचा नाही, एवढं तर पाळायलाच हवं, रक्कम कितीही मोठी असो. ते पैसे गेले, मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. त्याच चित्राचा अर्ज नंतर कंडिशन रिपोर्टसकट दुसरीकडे दिला, तिथे मंजूर झाला, आणि सध्या पापुद्रे पुन्हा चिकटवायचं काम चालू आहे. पुढचा अर्ज हस्तलिखितांचा आहे, त्यातल्या खोक्यांची कोटेशन्स मागवलीत.