गुन्हा नाही, मग काय?

लग्नात फसवणूक म्हणजे फक्त बाहेरचे संबंध का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी वकील आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी हळूच विचारतं, "काय हो, बाहेरची भानगड आता गुन्हा नाही म्हणे?"

नाही. २७ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं दंड विधानाचं कलम ४९७ रद्द केलं. पण ते कलम तरी काय होतं? दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला ५ वर्षांपर्यंत कैद, आणि तिच्या नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही! बांधावरच्या आंब्यासारखा हिशेब, मालकाला विचारून तोडला की चोरी नाही. गेलं ते बरं झालं.

पण घटस्फोटाला बाहेरचे संबंध हे कारण आजही चालतं. हिंदू विवाह कायदा, कलम १३. पूर्वी जोडीदार 'व्यभिचारात राहतो' असं दाखवावं लागे. १९७६च्या दुरुस्तीनंतर एकच प्रसंग पुरतो. त्याच कलमात थोडं खाली आणखी एक कारण आहे: जोडीदारानं हिंदू धर्म सोडून दुसरा धर्म स्वीकारणं.

ही यादी मला पाठ होती, तरी एका बाईंपुढे मी गप्प बसलो. वीस वर्षं नवरा दर पौर्णिमेला त्यांच्याबरोबर नरसोबाच्या वाडीला यायचा. पादुकांपुढे हात जोडायचा, प्रसाद घ्यायचा. एक दिवस सहज बोलून गेला, "मला यातलं काहीच पटत नाही. तुझ्यासाठी येत होतो."

"बाई ठेवली असती तर निदान भांडता आलं असतं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी तर देवासमोर माझ्या शेजारी उभं राहून फसवलं."

कायद्यात याला जागा नाही. श्रद्धा उडाली म्हणजे धर्मांतर होत नाही. नवऱ्याला भेटलो तर तो खरोखर गोंधळलेला. त्याच्या लेखी ती वीस वर्षं हीच निष्ठा होती. मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं, पण माझं मन बाईंकडे थोडं जास्त झुकतं. त्यांनी नवस बोलताना त्याला आपल्या बाजूला धरलं होतं, आणि तिथं कुणी नव्हतंच.

अर्ज दाखल झाला नाही. परवा दोघं वाडीत दिसली. त्या एकट्या पायऱ्या उतरून दर्शनाला गेल्या. तो वर दुकानात बासुंदी खात बसला होता. त्यांच्यासाठी एक वाटी झाकून ठेवलेली होती.