सफरचंद आतच हवं

अ‍ॅडव्हेंटचा (नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ) दुसरा रविवार, आरहूस

आज एबलस्कीव्हर केले, म्हणजे आप्प्यांसारखे खळग्यांच्या पात्रात होणारे गोल डॅनिश गोळे, सफरचंद घालून. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण डेन्मार्कमध्ये हल्ली डिसेंबरभर जे खाल्ले जातात त्यांतल्या बहुतेकांत सफरचंदाचा कणही नसतो. सुपरमार्केटच्या फ्रीजरमधून पिशवी आणायची, ओव्हनमध्ये गरम करायचे, वर पिठीसाखर भुरभुरवायची, बाजूला स्ट्रॉबेरीचा नाहीतर रास्पबेरीचा जॅम आणि सोबत ग्लॉग, म्हणजे बेदाणे-बदाम घातलेली गरम मसालेदार वाइन. ऑफिसात हेच, मुलीच्या शाळेतही ग्लॉग सोडून हेच. चव वाईट नसते. पण आत सगळं सारखंच मऊ, आणि जॅम बाहेरच राहिल्यामुळे पहिल्या घासानंतर नवं काही लागतच नाही.

आमचं पात्र बिडाचं आहे, जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेलं. मधे एक खळगा, भोवती सहा. आईने दिलेलं आप्पेपात्र त्याच कपाटात असतं, त्यामुळे दोन्हींची तुलना होतेच. आप्प्यांचे खळगे उथळ. आप्पा एकदा उलटला, दुसरी बाजू खरपूस झाली की काढायचा. त्याचं पोट थोडं चपटं राहिलं तरी कोणाची तक्रार नसते. इथला खळगा मात्र चांगला खोल, आणि बाहेर येणारा गोळा चेंडूइतका गोल हवा. एकदाच उलटून तो गोल होत नाही. पाव पाव फेऱ्याने फिरवावा लागतो.

ही पाव फेऱ्याची रीत मला फार आवडते. खळगा पाऊण भरायचा. मिनिटभरात बिडाला लागलेलं पीठ धरतं, कडा निस्तेज दिसायला लागते, मधलं मात्र पातळच असतं. अशा वेळी विणकामाची पोलादी सुई कडेला खुपसून त्याला पाव फेरा द्यायचा. शिजलेली कड उभी राहते आणि आतलं कच्चं पीठ ओघळून खळग्याच्या तळाशी जातं. तिथे ते धरतं. मग पुन्हा पाव फेरा. प्रत्येक वेळी आतलं पीठ बाहेर येऊन कवचाचा पुढचा भाग तयार करतं, आणि शेवटी उरलेलं तोंड आपोआप मिटतं. आतलं पीठ कच्चं असताना फिरवलं तरच हे जमतं. पूर्ण शिजेपर्यंत थांबलं की हाती अर्धगोलच येणार.

सारण घालायची वेळही तीच, पहिल्या फेऱ्यानंतरची. तेव्हा गोळा कलंडलेल्या द्रोणासारखा दिसतो. त्या पोकळीत सफरचंदाच्या तीन-चार फोडी ठेवायच्या, वर चमचाभर पीठ सोडायचं आणि पुढचा फेरा द्यायचा. पुष्कळजण सुरुवातीलाच पिठावर फोडी टाकतात. त्या जड असल्याने तळाशी बसतात, बिडाला लागतात आणि त्यांची साखर करपते. जॅम आत भरायचाही मोह होतो, पण गरम झाला की तो पातळ होऊन कवच फोडून बाहेर येतो आणि खळग्यात काळा थर धरतो. सारण कोरडं हवं. मी फोडी मटारएवढ्या बारीक चिरते, चमचाभर लोण्यावर आणि थोड्या साखरेवर परतते आणि त्यांचं पाणी पूर्ण आटू देते.

सफरचंद इंग्रिड मारी जातीचं. फ्यून बेटावरच्या एका शाळेच्या आवारात १९१० च्या सुमारास हे झाड आपसूक उगवलेलं सापडलं, मुद्दाम केलेला संकर नव्हे. लाल, आंबटगोड, आणि थंड जागी ठेवलं तर नाताळपर्यंत टिकणारं. आयात केलेली गुळगुळीत गोड सफरचंदं वर्षभर मिळतात, पण परतल्यावर त्यांत नुसता गोडवा उरतो. इथे आंबटपणाच हवा, कारण बाहेरून पिठीसाखर असतेच.

पिठाचं प्रमाण उद्या विसरायला नको: २५० ग्रॅम मैदा, चार डेसिलिटर (४०० मिलिलिटर) ताक, तीन अंडी, चमचाभर साखर, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, अर्ध्या लिंबाची किसलेली साल, वेलची. इथलं ताक आपल्या ताकापेक्षा दाट असतं. त्याच्या आंबटपणामुळे सोडा फुलतो. अंड्यातलं पांढरं वेगळं फेसून अगदी शेवटी हलक्या हाताने मिसळायचं, नाहीतर गोळे जड होतात. वेलचीची पूड विकत मिळते, पण मी दाणे आयत्या वेळी कुटते. इथल्या बेकऱ्यांमध्ये वेलची सढळ हाताने घालतात. मला ती थोडीच बरी वाटते, सफरचंदाचा वास मागे पडता कामा नये.

खळग्यात तूप घातलं. इथे लोणी वापरतात, पण लोण्यातला दुधाचा अंश दुसऱ्या घाण्यालाच काळा पडतो. कढवलेलं तूप शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. मधला खळगा सगळ्यांत आधी तापतो, म्हणून तो शेवटी भरला.

सुई खालच्या मजल्यावरच्या आजींची. स्वेटर विणायची नाही, फक्त याच कामाची राखून ठेवलेली. चार वाजायच्या आतच अंधार पडला, तशा त्या वर आल्या, अ‍ॅडव्हेंटच्या चक्रावरची (दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्यांचं) दुसरी मेणबत्ती पेटेपर्यंत थांबल्या आणि मग ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. सूचना एकच: "घाई करू नकोस, कड सांगेल." त्यांची आई माळ्यावर कागदात गुंडाळून सफरचंदं ठेवायची आणि डिसेंबरात त्यांतली मऊ पडायला लागलेली आधी या गोळ्यांत जायची, असं त्यांनी सांगितलं. ते मला पटलं. हिवाळ्यात घरात जे एकच ताजं फळ उरत असेल ते सणाच्या पदार्थात पडणारच. आता बारा महिने सगळी फळं मिळतात, तर सफरचंद गेलं आणि जॅमची बाटली आली. कामाची दगदग मला कळते, पिशवी आणणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण वर्षातल्या चार रविवारांपैकी एक तरी यासाठी काढावा असं मला मनापासून वाटतं.

लेक म्हणाली, "आई, मला फिरवू दे." मधला खळगा तिच्याकडे दिला. जीभ बाहेर काढून, श्वास धरून फिरवत होती. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींपैकी कोणाच्याच घरी हे पात्र नाही म्हणे. तिकडे कॅलिफोर्नियात, डॅनिश स्थलांतरितांनी १९११ मध्ये वसवलेल्या सोल्वांग गावात, हेच गोळे बारा महिने सकाळच्या न्याहारीला विकतात, वर रास्पबेरीचा जॅम ओतून. घर सोडून आलेल्या माणसाला सणाचा पदार्थ रोज खावासा का वाटतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको. मीही इथे आल्यापासून मार्चमध्ये उकडीचे मोदक करते.

आजींनी पहिला गोळा फोडला, आतली वाफ जाऊ दिली, चव घेतली आणि म्हणाल्या, "सफरचंद आणखी घाल, कंजूषपणा नको." पुढच्या घाण्याला तीनाच्या पाच फोडी केल्या. कवच तरीही फुटलं नाही.

पात्र कोमट असतानाच पुसून काढलं, साबण लावला नाही, तेलाचं बोट फिरवून ठेवलं. पुढच्या रविवारी आलूबुखार घालून बघायचे आहेत. सुकवलेले, बिया काढून, रात्रभर चहात भिजवून आणि मग चांगले निथळून. सारण म्हणून इथे तेही जुनंच. आजींना ते सफरचंदापेक्षा जास्त आवडतात, म्हणून सुई तोवर माझ्याकडेच ठेवून गेल्या.