आमची वाटचाल : कानाचं मशीन आणि कामाचे आठ दिवस

२०१३ साली इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये एका औषधाच्या दुकानामागे दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही सुरुवात केली. मी ऑडिओलॉजिस्ट, हिशेब नवऱ्याकडे. वयामुळे कमी ऐकू येणाऱ्यांचे कान एनएचएसतर्फे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतर्फे, तपासायचे, मशीन बसवून द्यायचं, एवढंच काम. खिडकीखालून बस गेली की चाचणी पुन्हा करावी लागे. पहिला हिवाळा मी आईने सांगलीहून पाठवलेली गोधडी दाराला टांगून काढला. जागेची तपासणी करायला आलेल्या बाई त्या गोधडीकडे बघतच राहिल्या, आणि आम्ही कर्ज काढून ध्वनिरोधक केबिन घेतली.

तेव्हा पात्रतेच्या अटी पुऱ्या केल्या की यादीत संस्थेचं नाव लागायचं आणि रुग्ण त्यातून हवी ती संस्था निवडायचा. मग आमच्या भागातल्या आरोग्य मंडळाने एकच संस्था नेमायचं ठरवलं. १ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये आरोग्यसेवा खरेदीचे नवे नियम आहेत. त्यात दर्जा, पैशाचं मोल, इतर सेवांशी सांगड, रुग्णांची सोय व त्यांना निवडीची मुभा आणि समाजाचा लाभ अशा पाच कसोट्या. आम्ही पानंच्या पानं भरली आणि पडलो. ‘मोल’ या रकान्यात गुण कमी, कारण एका ओळीचं.

निर्णय जाहीर झाल्यावर कामाचे किमान ८ दिवस करार करता येत नाही. तेवढ्यात लेखी हरकत घ्यायची. मंडळाचं उत्तर पटलं नाही, तर कामाच्या पुढच्या ५ दिवसांत रुग्णांना निवडीची मुभा व खरेदी यांसाठीच्या स्वतंत्र पॅनेलकडे जाता येतं. पॅनेल नियम पाळले का तेवढं बघतं, आणि त्याचा सल्ला बंधनकारक नाही. “मग उपयोग काय?” नवरा म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं, पण पॅनेलचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. तिथे आपलं नाव यावं असं कुठल्या मंडळाला वाटेल?

दिवसभर रुग्ण, रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर हरकत. माझ्या मसुद्यात दहा वर्षांची सेवा, आजीआजोबांचे आशीर्वाद, सगळं होतं. नवऱ्याने ते खोडलं. उरलं दीड पान : या प्रश्नाला इतकेच गुण का, नोंद दाखवा.

नोंद नव्हतीच. मंडळाने गुण पुन्हा दिले.

आम्ही पुन्हा दुसरेच! पण यावेळी कारणं चार पानांची होती आणि त्यातलं एक मला मान्यच करावं लागलं : घरी जाऊन तपासायची आमची सोय खरंच तोकडी होती. पॅनेलचा अर्ज भरून तयार होता, पाठवला नाही.

शेजारच्या भागात कुणाकडे जायचं ते अजून रुग्णच ठरवतात, पात्र ठरेल त्या प्रत्येकाशी करार होतो. तिथे आम्ही गेल्या वर्षी शिरलो, ते जुनी व्हॅन घेऊनच. दिवसाला सहा घरं करायचा बेत होता. चारच होतात, कारण चहा घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही.