आधी रेखमिरेचं थडगं, मग तुतनखामनचं सोनं

प्राचीन इजिप्तचे दागिने बघायला जाणार असाल, तर कैरोआधी लक्सर गाठा. आम्ही तसंच केलं आणि पुढचं सगळं बघणंच बदललं. नाईलच्या पश्चिम काठावर, राजा तिसऱ्या थुतमोसचा वजीर रेखमिरे याच्या थडग्यात भिंतीवर अख्खी कार्यशाळा रंगवली आहे. कोणी धातू तोलतोय, कोणी नळीने विस्तव फुंकतोय, एक जण एकाच कमानीने कितीतरी सामते (भोक पाडायच्या सळया) फिरवत मणी भोकतोय. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीची ही माणसं! आत छत चढत चढत ८ मीटरांपर्यंत जातं, त्यामुळे दुर्बीण हवीच. तिकीट मेम्नॉनच्या पुतळ्यांजवळच्या खिडकीवरून आधीच काढा आणि बँकेचं कार्ड जवळ ठेवा.

मग गिझाचं नवं भव्य संग्रहालय. १९२२ साली सापडलेला तुतनखामन राजाचा खजिना आता तिथे एकत्र मांडला आहे. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट घ्या. त्याच्या सोन्याच्या मुखवट्यापाशी कायम गर्दी असते, पण दोन गोष्टी नीट बघा: भुवयांचा निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे, डोक्यावरच्या पट्ट्यांचा मात्र रंगीत काचेचा. सोन्याच्या खंजिराच्या मुठीवरचं रवाकाम तर विसरूच नका. डोळ्यांना जेमतेम दिसणारे सोन्याचे दाणे एकेक करून बसवलेत. पदकांमध्ये सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या डाखून कप्पे केलेत आणि त्यांत अकीक, पिरोजा मापात कापून बसवलाय. सोनं किती किलो हा प्रश्न इथे मला फार दुय्यम वाटला.

तुतनखामन हलला म्हणून कैरोच्या तहरीर चौकातलं जुनं संग्रहालय वगळू नका. तानिस या प्राचीन शहरातल्या राजांच्या थडग्यांचा खजिना तिथेच आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ प्येर माँतेला तो १९३९-४० मध्ये सापडला, पण जग युद्धात गुंतलं होतं, त्यामुळे त्याचा गाजावाजा झालाच नाही. तिथल्याच पहिल्या सुसेनिस राजाचा सोन्याचा मुखवटा आम्ही जवळजवळ एकट्यांनी, हवा तितका वेळ पाहिला. त्याची शवपेटी चांदीची आहे. इजिप्तमध्ये चांदी बाहेरून यायची, म्हणून हे विशेष. याच तानिसच्या अमेनेमोपे राजाचं एक सोन्याचं कडं सप्टेंबर २०२५ मध्ये संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतून चोरीला गेलं आणि वितळवलं गेलं. वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं. उरलेल्यांतल्या काही वस्तू अधूनमधून परदेशी प्रदर्शनांनाही जातात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा आणि तहरीरसाठी पूर्ण सकाळ राखून ठेवा.