पारसिकच्या टेकडीवर डायनोसॉरची अंडी नाहीत

ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत बेलापूर. तिथून रिक्षाने पारसिक हिल. गुजरातेतल्या रैयोलीला किंवा गडचिरोलीतल्या वडधमला, जीवाश्म उद्यानात इंटर्नशिप करायला निघालेल्या पोरांना आम्ही आधी इथे आणतो. वर पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: जीवाश्म कुठेत?

नाहीत. ही टेकडी सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. वरळीला बेडकांचे जीवाश्म मिळाले खरे, पण ते लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात. इथे यायचं ते जीवाश्म नसलेलं ओळखायला. इंटर्नचा निम्मा दिवस त्यातच जातो.

रस्त्यासाठी कापलेल्या उतारात, मुरमात रुतलेले गोल दगड शोधा. दोन-चार एकमेकांना खेटून असले की घरटंच वाटतं. नखाने कड उचकटून बघा: कांद्यासारखे तपकिरी, ठिसूळ पापुद्रे एकामागून एक सुटतात आणि आत काळा कातळ लागतो. भेगांतून शिरलेलं पाणी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजवतं, म्हणून तो गोल होत जातो. अंड्याला पापुद्र्यांवर पापुद्रे नसतात, कवच असतं. टायटानोसॉरच्या (लांब मानेचे अवाढव्य शाकाहारी डायनोसॉर) अंड्याचं कवच साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड. कोंबडीचं जेमतेम ०.३. दहापट भिंगातून तुटलेली कड पाहिली तर खालून वर पंख्यासारखे उलगडत गेलेले खांब दिसतात, बाहेरच्या अंगाला बारीक गाठी.

दुसरा चकवा पांढऱ्या फुलांचा. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाच्या सुया वाढतात, त्या थेट शिंपल्यासारख्या दिसतात. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की कवच फसफसतं, झिओलाइट नाही. पण त्याच पोकळ्यांत कॅल्साइट हे दुसरं खनिजही असतं आणि तेही फसफसतं. त्यामुळे नुसत्या थेंबावर निकाल देऊ नये, भिंग हवंच.

उरलेला सराव, म्हणजे मातीतून बारीक तुकडे न मोडता सोडवणं, घरी, शाडूच्या मातीवर. किलोभर मातीत अंड्याच्या टरफलाचे दोन-तीन मिलिमीटरचे पन्नास तुकडे मोजून मळा, सुपारीएवढे गोळे करा आणि खडखडीत वाळवा. ठाण्यात जुलैमध्ये हे होतच नाही. चार दिवस पंख्याखाली ठेवले तरी गोळा आतून ओला राहतो. मग पुढे ओतायचं रॉकेल आत शिरत नाही, कारण छिद्रांत आधीच पाणी बसलेलं असतं. ऑक्टोबरचं ऊन उत्तम.

वाळलेले गोळे बुडतील एवढं रॉकेल ओता (पेंटच्या दुकानात मिळतं, काम बाल्कनीत, गॅसपासून लांब). तीन-चार तासांनी एक फोडून बघा, गाभ्यापर्यंत काळपट हवा. रॉकेल निथळून बाटलीत परत भरा आणि गोळ्यांवर कढत पाणी ओता. छिद्रांतलं रॉकेल हटवत पाणी आत घुसतं आणि गोळा बसल्या जागी विरघळतो. हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावंच.

मग अर्ध्या मिलिमीटरची चाळणी पाण्याच्या टबात अर्धी बुडवून हलवायची. नळाखाली धरून बोटांनी चोळलं की तुकड्यांचा चुरा झालाच. गाळ बादलीत बसू द्या, बेसिनमध्ये ओतू नका. सोसायटीचा पाइप तुंबला की सेक्रेटरी दारात. तुकडे मोजा. चाळीसच्या खाली आले तर चूक बहुधा चोळण्यात.

जीवाश्म हाड उचलताना मोडू नये म्हणून त्यावर प्लास्टर चढवण्याचा सरावही याच बाल्कनीत होतो. आधी ओल्या टिश्यू पेपरचे दोन-तीन थर, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरलात तर प्लास्टर काढताना हाडाचा वरचा थर सोबत येतो. घाई नेमकी प्लास्टर चढवलेलं हाड मातीतून सोडवून उलटवताना होते. प्लास्टर घट्ट होताना आधी गरम होतं, मग थंड. थंड झाल्यावर टिचकी मारा, टणक आवाज आला तरच खालची माती कापा.

रैयोलीला जाताना भिंग, वही, मऊ ब्रश आणि कॉलेजचं पत्र न्या. हातोडी घरी ठेवा. तिथे ती परवानगीशिवाय चालवता येत नाही, आणि खिशात घातलेला तुकडा कुठल्या थरातला होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.